आई किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केलं, तर मुलाच्या पोटगीचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाचा निकाल लागून तीन-चार वर्षं झालेली असतात. मग दोघांपैकी एकाचं पुन्हा लग्न ठरतं आणि मुलाच्या पोटगीची फाईल परत उघडते. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात पक्षकार जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रात चालणाऱ्या आणि हिंदू विवाह कायद्याखालच्या प्रकरणांची आहेत. इतर धर्मीयांबद्दल, गोव्याबद्दल आणि परदेशाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

घटस्फोटित बायकोने पुन्हा लग्न केलं. आता मुलाची पोटगी बंद करता येईल ना?

नाही. बंद होते ती तिची स्वतःची पोटगी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७) घटस्फोटित स्त्रीने फेरविवाह केला, तर तिच्यापुरता आदेश फेरविवाहाच्या तारखेपासून रद्द करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(३) मध्येही फेरविवाहानंतर कायमची पोटगी बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार कोर्टाला दिला आहे. मुलांसाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे, ते २६. ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांचे आदेश कोर्ट त्याखाली वेळोवेळी बदलू शकतं. आईने लग्न केलं म्हणून मुलाचा खर्च थांबेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

ज्या महिन्यात तिच्या लग्नाचे फोटो दिसतात त्याच महिन्यापासून पैसे पाठवणं बंद करणारे बाप बरेच असतात. वर्षभराने वसुलीचं वॉरंट दारात येतं, तेव्हा "पण तिचं लग्न झालंय ना?" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आमच्या आदेशात "पत्नी व मुलास मिळून दरमहा १५,००० रुपये" असं लिहिलंय. त्यातले मुलाचे किती?

सगळ्यात जास्त भांडणं याच वाक्यावरून होतात. आदेशात फोड नसेल तर कोणी म्हणतं निम्मे, कोणी म्हणतं बायकोचे दहा आणि मुलाचे पाच. स्वतःच्या हिशोबाने यातली कोणतीही फोड करू नका. जिने लग्न केलं तिचा हिस्सा वगळून मुलाचा हिस्सा ठरवून द्यावा, असा अर्ज ज्या कोर्टाने आदेश दिला त्याच कोर्टात करावा लागतो. तो निकाली निघेपर्यंत मूळ आदेश जिवंतच असतो.

फोड करताना कोर्ट रकमेचे दोन समान तुकडे करेलच असं नाही. आदेश झाला तेव्हा मूल बालवाडीत असेल आणि आज आठवीत असेल, तर मुलाचा खर्च तेव्हाच्या संपूर्ण रकमेच्या जवळ गेलेला असू शकतो. बायकोचा हिस्सा गळून पडल्यावर आपली रक्कम निम्म्याने उतरेल या भरवशावर अर्ज केलेल्या माणसाच्या हाती तेरा हजारांचा आदेश पडू शकतो.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे त्यांनी संमतीच्या अटी लिहितानाच दोन वेगळ्या ओळी लिहून घ्याव्यात: पत्नीला इतके, मुलाला इतके. वकिलाला हे काम दहा मिनिटांचं आहे.

मीच दुसरं लग्न केलं. आता एक बाळही आहे. पहिल्या मुलाची पोटगी कमी होईल का?

होऊ शकते, पण थोडी. आणि ती आपोआप होत नाही. हिंदू दत्तक व पालनपोषण कायदा, १९५६ च्या कलम २३ मध्ये रक्कम ठरवताना पाहायच्या गोष्टी दिल्या आहेत. पालनपोषणाचा हक्क असलेल्या माणसांची संख्या ही त्यातली एक. म्हणजे दुसऱ्या लग्नातलं मूलही हिशोबात येतं, पण ते पहिल्याला बाजूला सारून येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा एक निकाल दोन्ही बाजूंचे वकील वाचून दाखवतात. नवऱ्याचा निव्वळ पगार ९५ हजारांच्या वर होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलासाठी दरमहा २३,००० ठरवले होते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं आहे आणि त्यातून एक मूल आहे, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने रक्कम २०,००० केली. तीन हजारांची घट, एवढीच. निम्मी कपात मागणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

प्रत्यक्ष सुनावणीत काय घडतं? समजा पगार हातात ६२,००० येतो, २०१९ च्या आदेशात मुलाला ८,००० आहेत आणि बापाला ते ४,००० करून हवे आहेत. तो खर्चाची यादी देतो: घराचा हप्ता २४,०००, गाडीचा हप्ता ९,०००, बाळाचं दूध, लसी, डायपर. समोरून मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या, स्कूल व्हॅन, क्लास आणि चष्म्याचं बिल येतं. न्यायाधीशांची नजर गाडीच्या हप्त्यावर थांबते. कर्ज कधी घेतलं? लग्नानंतर सहा महिन्यांनी. पोटगीचा आदेश डोक्यावर असताना स्वखुशीने उचललेलं कर्ज पोटगीच्या पुढे नेऊन बसवता येत नाही. पगारातून सक्तीने कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी, आयकर यांची गोष्ट वेगळी. बाळाच्या खर्चाचा विचार होईल, गाडीचा बहुधा नाही. त्यात २०१९ पासून आजवर फी किती वाढली हा प्रश्न उलटा येतो. असा अर्ज करून रक्कम आहे तिथेच राहिली, तरी बरंच झालं म्हणायचं.

पगाराच्या २५ टक्के द्यावेच लागतात, असा नियम आहे ना?

कायद्याच्या पुस्तकात असा नियम नाही. वर सांगितलेल्या २०१७ च्या निकालात १९७० च्या एका जुन्या निकालाचा आधार घेऊन पत्नीसाठी निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम रास्त मानली आहे, तिथून हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरत राहिला. मुलाची गरज आणि आई-बापाची ऐपत यांवर रक्कम ठरते. कधी ती या टक्केवारीच्या खाली असते, कधी वर.

तिच्या नव्या नवऱ्याचा पगार माझ्या दुप्पट आहे. तो मुलाला पोसू शकत नाही का?

प्रेमाने पोसू शकतो. कायद्याने त्याच्यावर ती जबाबदारी नाही. पोटगीचा हक्क देणारं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं १२५) "त्याचं" मूल म्हणतं, सावत्र मूल म्हणत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्येही नैसर्गिक पालक म्हणून "वडील" आणि "आई" या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत, असं स्पष्ट केलं आहे.

मात्र आईची स्वतःची ऐपत मोजली जाते. आई-वडील दोघंही कमावते असतील तर मुलाचा भार दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात उचलायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. पूर्वी आई भाड्याच्या खोलीत राहत होती आणि निम्मा पगार भाड्यात जात होता. आता घरभाडं नाही, नोकरी चालू आहे. अशा वेळी तिचा हिस्सा वाढवून मागणं हा रास्त युक्तिवाद ठरतो. "नवरा श्रीमंत मिळालाय" हा तसा ठरत नाही.

सावत्र वडिलांनी मुलाला दत्तक घेतलं तर?

मग चित्र पूर्ण बदलतं. दत्तकविधान कायदेशीररीत्या झालं की मूल दत्तक घेणाऱ्यांचं होतं आणि जन्मदात्या वडिलांची पुढची पोटगीची जबाबदारी संपते. आधीची थकबाकी मात्र द्यावीच लागते. दत्तकविधानासाठी जन्मदात्या वडिलांची संमती लागते. २०१० च्या दुरुस्तीनंतर आई-वडील दोघांनाही मूल दत्तक देण्याचा सारखा अधिकार आहे, पण दुसऱ्याच्या संमतीनेच. बाल न्याय कायदा, २०१५ खालीही सावत्र पालकाने दत्तक घेण्याची वेगळी प्रक्रिया आहे.

शाळेच्या दाखल्यावर किंवा आधार कार्डावर सावत्र वडिलांचं नाव लावणं म्हणजे दत्तक नव्हे. नुसतं नाव बदललंय म्हणून पोटगी थांबवणाऱ्या बापाची बाजू लंगडीच राहते.

लग्नानंतर ती सासरी गेली आणि मूल आजोळी आहे. मी पैसे कोणाला देऊ?

गावाकडे हे फार वेळा घडतं. मुलीचं दुसरं लग्न जमावं म्हणून नातवंडाला आजी-आजोबा ठेवून घेतात. पोटगी तरीही आईच्या खात्यात जात राहते, आजी म्हणते पैसा पोहोचत नाही, बाप म्हणतो मी तर दर महिन्याला टाकतोय.

मूल कोणाकडेही असो, बापाची जबाबदारी चालूच राहते. हिंदू दत्तक व पालनपोषण कायद्याच्या कलम २० प्रमाणे ती आईचीही आहे. करायचं ते इतकंच की पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे कोर्टाकडून बदलून घ्यायचं. मुलाच्या नावाने खातं उघडून आजीला त्याची पालक म्हणून नेमून घेता येतं. बापाला मूल स्वतःकडे न्यायचं असेल तर तो ताब्याचा वेगळा अर्ज. आईने लग्न केलं एवढ्यावरच ताबा जात नाही, पण ती मुलाला आजोळी ठेवून गेली असेल तर "मूल नक्की वाढवतंय कोण" हा प्रश्न कोर्ट विचारणारच. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश अनेकदा स्वतः, दालनात बसून बोलतात.

माजी नवऱ्याची नवी बायको चांगली कमावते. मुलाची पोटगी वाढवून मिळेल?

तिचा पगार हा त्याचा पगार नव्हे, त्यामुळे थेट नाही. पण "नव्या संसाराचा खर्च झेपत नाही" असं तोच म्हणत असेल, तर त्या संसारात दुसरा पगार येतो हे दाखवता येतं. त्याच्यावर अवलंबून म्हणून दाखवलेली व्यक्ती स्वतः नोकरीत असेल, तर त्याच्या प्रतिज्ञापत्राचा तोच भाग आधी उलटतपासणीत घ्यावा.

वाढ मागायला काय कारण लागतं?

परिस्थिती बदलली पाहिजे. मुलाचं वय, शिक्षण, आजारपण, महागाई, बापाची बढती किंवा नवा धंदा, आईची गेलेली नोकरी ही सगळी चालणारी कारणं आहेत. आदेशात दरवर्षी पाच किंवा दहा टक्के वाढ लिहिलेली असेल तर प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. लिहिलेली नसेल तर यावेळच्या अर्जात ती मागून घ्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या "रजनेश विरुद्ध नेहा" निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे, कर्जं, अवलंबून असलेली माणसं, सगळं त्यात येतं. इथे लपवाछपवी केली तर खोट्या शपथेची कारवाई होऊ शकते. पोटगी मूळ अर्जाच्या तारखेपासून धरावी, हेही त्याच निकालात सांगितलं आहे.

मुलाच्या खर्चाची फाईल आजपासून ठेवा. शाळेची टर्म फी, व्हॅन, वह्या-पुस्तकं, गणवेश, डॉक्टर, चष्मा, शिबिर. "महिन्याला वीस हजार लागतात" या तोंडी वाक्यापेक्षा चौदा हजारांच्या पावत्या जड भरतात.

अर्ज कोणत्या कोर्टात करायचा?

मूळ आदेश ज्या कायद्याखाली झाला, त्याच मार्गाने. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालयं आहेत. ती जिथे नाहीत, तिथे घटस्फोटाच्या आदेशातली पोटगी दिवाणी न्यायालयात आणि कलम १४४ ची खावटी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. पैसे कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली मिळत असतील तर बदलाची वाट त्या कायद्याच्या कलम २५(२) ची. एकाच मुलासाठी दोन कायद्यांखाली दोन आदेश असतील तर दोन्ही कोर्टांना सांगा. एका आदेशातली रक्कम दुसऱ्यात वजा होते.

घटस्फोटाच्या वेळी एकरकमी घेतले आणि "यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही" असं लिहून दिलं. आता काही करता येतं?

करता येतं. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा नाही. मुलासाठी पूर्वी ठोस रक्कम ठेव म्हणून ठेवली असेल तर कोर्ट ती विचारात घेईल, पण ते वाक्य मुलाच्या वाटेत भिंत बनून उभं राहत नाही. फसवं वाक्य आहे हे. दोन्ही बाजूंच्या लोकांना ते अंतिम वाटतं.

मी शाळेची फी परस्पर भरतो. ती पोटगीतून वजा करू का?

आदेशात तसं लिहिलं असेल तरच. "दरमहा १०,००० आईच्या खात्यात" असं असताना फी भरली, सायकल घेतली, मोबाईल दिला, तर वसुलीच्या दरखास्तीत तो खर्च भेट म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. फी थेट भरायची असेल तर आदेश तसा दुरुस्त करून घ्या. पैसे बँकेतून पाठवा, रोख देऊ नका, आणि शेऱ्यात महिना लिहा.

नवं लग्न झाल्यापासून ती मुलाला भेटू देत नाही. पोटगी अडवून धरली तर?

तर भेटीचा तुमचा अर्जच कमजोर होईल. भेट आणि पोटगी यांची अदलाबदल नसते. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज करा, पैसे चालू ठेवून.

बाप लग्न करून पुण्याहून बंगळूरुला गेला, पैसे बंद झाले. वसुली कशी होते?

कलम १४४ च्या आदेशात प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वॉरंटचा अर्ज करावा लागतो. हे एक वर्ष चुकवणाऱ्या आया पुष्कळ भेटतात: माहेरचे म्हणतात थांब, देईल, आणि थांबता थांबता चौदा महिने होतात. कैद भोगून आला म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे. नोकरदार असेल तर पगारावर जप्ती सगळ्यात परिणामकारक. म्हणून त्याच्या कंपनीचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता हाताशी ठेवा.

मूल १८ वर्षांचं झाल्यावर?

कलम १४४ ची पोटगी साधारणपणे तिथे थांबते. शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाची चालू राहते. अविवाहित मुलीला हिंदू दत्तक व पालनपोषण कायद्याच्या कलम २०(३) खाली पुढेही मागता येते, स्वतःचा खर्च भागत नसेल तर. मुलाच्या कॉलेजचं मात्र संमतीच्या अटींतच लिहून घ्यावं.

आम्ही हिंदू नाही, किंवा गोव्याचे आहोत.

कलम १४४ सगळ्या धर्मांना लागू आहे. मुस्लिम वडिलांची मुलांबद्दलची जबाबदारी घटस्फोटित स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्याने कमी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं आहे. ख्रिश्चन, पारशी आणि नोंदणी विवाहांच्या कायद्यांतही मुलांच्या खर्चाची स्वतंत्र कलमं आहेत. गोव्यात विवाह आणि घटस्फोट पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने होतात, त्यामुळे तिथल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

घटस्फोट आणि आदेश परदेशातला असेल तर?

तिथलाच कायदा लागतो आणि तो आपल्यापेक्षा बराच आकडेबद्ध आहे. ब्रिटनमध्ये चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस पैसे देणाऱ्या पालकाच्या करपूर्व साप्ताहिक उत्पन्नावर हिशोब करते. मूळ दर एका मुलाला १२, दोघांना १६, तिघांना १९ टक्के. त्याच्या नव्या घरात मुलं असतील, जोडीदाराच्या आधीच्या लग्नातली धरून, तर हिशोबाचं उत्पन्न एका मुलामागे ११, दोघांमागे १४ आणि तीन किंवा अधिक मुलांमागे १६ टक्क्यांनी आधी कमी करतात. नव्या जोडीदाराचा पगार धरत नाहीत.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं सूत्र निराळं. कॅलिफोर्नियात नव्या जोडीदाराचं उत्पन्न अपवादात्मक परिस्थिती सोडून धरता येत नाही. आणि १९८६ पासूनच्या संघीय कायद्यामुळे थकलेला हप्ता मागच्या तारखेने माफ किंवा कमी करता येत नाही. तिथे नोकरी गेली किंवा दुसरं मूल झालं तर त्याच आठवड्यात बदलाचा अर्ज टाकावा. भारतातल्या सवयीने "पुढच्या तारखेला सांगू" म्हणून थांबलात तर तेवढे महिने पूर्ण दरानेच भरावे लागतात.

वकिलाची फी परवडत नाही. काय करू?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना मूळ आदेशाची प्रत, मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, बँकेचा उतारा आणि थकलेल्या महिन्यांची हाताने लिहिलेली यादी बरोबर न्या. आदेशाची प्रमाणित प्रत हरवली असेल तर आधी नक्कल विभागात अर्ज टाका, तिला काही दिवस लागतात.